पिस्तूल ‘खाली’ आहे

“खाली आहे,” शेठ म्हणाले आणि मळकी मखमली थैली माझ्यापुढं सरकवली. “तुम्ही एकदा नजर टाका आणि ‘चांगलं आहे’ म्हणून सांगा यांना. बस.”

‘यांना’ म्हणजे समोरच्या बाकावर बसलेले रामधन आडे आणि त्यांच्या पत्नी शेवंताबाई. दोघं सकाळच्या पहिल्या एस.टी.नं बाभुळगावहून यवतमाळला आले होते. रामधनभाऊंच्या मांडीवर प्लॅस्टिकची फाईल होती, शेवंताबाईंच्या मांडीवर जेवणाचा डबा. फाईल दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. त्यात पिस्तुलाचं लायसन होतं आणि खरेदीची मुदत संपायला चार दिवस उरले होते.

मी कदम. मूळ साताऱ्याकडचा. पोलीस खात्यात आर्मोरर होतो. हा शब्द सांगितला की लोक मान हलवतात आणि पुन्हा विचारतात, म्हणून सरळ सांगतो: हत्यारांचा मिस्त्री. पोलिसांच्या बंदुका खोलायच्या, साफ करायच्या, मोडलं ते बदलायचं. एकतीस वर्षं केलं. या काळात मी कुणा माणसावर एक गोळी झाडलेली नाही. टेबलाच्या पायात घुसलेली एक मात्र चिमट्यानं बाहेर काढली आहे. ती कुठल्या साहेबांची होती ते सांगत नाही.

निवृत्तीनंतर गावी परतलो नाही. बायको दारव्ह्याची, घर यवतमाळात, आणि साताऱ्यात आता मला ओळखणारं कुत्रंही उरलेलं नाही. मंगळवारी आणि शनिवारी शेठच्या दुकानात बसतो. दुकान लायसनवाल्या हत्यारांचं आहे, पण खप म्हणाल तर माकडं हुसकायच्या एअरगनचा आणि छऱ्यांचा. जुनं हत्यार विकायला आलं की त्याची तपासणी माझ्याकडे. मी ‘हो’ म्हटल्याशिवाय शेठ ते विकत नाहीत. म्हणजे, तसं ते लोकांना सांगतात.

“घरी बंदूक आहे ना तुमच्या?” मी रामधनभाऊंना विचारलं. लायसनवर बारा बोअरची जुनी नोंद दिसत होती. बारा बोअर म्हणजे शेतकऱ्यांकडे असते ती लांब नळीची, छऱ्यांचं काडतूस लागणारी बंदूक.

“हाय ना. बाबाच्या टायमाची. पण उचलनं होत नाही जी.” त्यांनी उजवा हात वर करून दाखवला. कोपर खांद्यापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. “पोळ्याच्या आधी मोटारीचा केबल चोरायले तिघं आलते. मी गेलतो आडवा. देल्लं ढकलून विहिरीच्या दगडावर.”

“रात्री?”

“नाही जी, भर दुपारी. लाईन नव्हती ना.”

हे मला नवीन होतं. लाईट गेलेली असली की केबल कापताना शॉक बसत नाही, म्हणून चोर भारनियमनाचं वेळापत्रक पाहून येतात. आपण ते इतक्या मनापासून कधी पाहत नाही.

“मंग पळाले कसे?” शेठनी विचारलं.

“मी कपाशीत होती,” शेवंताबाई म्हणाल्या. “आराडत आली. हातात खुरपं होतं माह्या.”

“खुरपं पाहून नाही पळाले, इचं तोंड पाहून पळाले,” रामधनभाऊ म्हणाले. सगळे हसलो. तेही हसले, पण त्यांचं हसू लवकर आवरलं.

घर शेतातच. तांडा दीड किलोमीटरवर. तांडा म्हणजे बंजारा वस्ती. यांचे पणजोबा बैलांवर मीठ लादून गावोगाव फिरायचे, आता सगळे कपाशी-तूरवाले. मुलगा बाहेरगावी नोकरीला, नातवंडं सुट्टीत येतात. चोरीनंतर रामधनभाऊंनी सहा महिने कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आणि लायसनवर पिस्तुलाची परवानगी मिळवली. नव्या पिस्तुलाची किंमत ऐकून ते दोनदा दुकानाच्या पायरीवरून परत गेले होते. मग शेठकडे हे आलं. नव्याच्या चौथाईत.

स्वस्त का, ते सांगतो. थैलीतून काढलं तर तळहातावर मावेल एवढं. विडीच्या बंडलापेक्षा थोडं मोठं. जुनं, परदेशी बनावटीचं, पंचवीस बोअरचं. बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप. या मापाच्या गोळ्या आमच्या दुकानात कित्येक वर्षांत आल्या नव्हत्या. म्हणजे चूल स्वस्त, पण त्या चुलीत जळेल असं लाकूड बाजारात नाही. हे मी शेठना आधीच सांगितलं होतं. शेठ म्हणाले होते, “अहो, त्यांना कुठं लढाई करायची आहे? खिशात असलं की झालं.”

थैलीला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधली होती. शेठच्या अक्षरात दोन शब्द: ‘खाली आहे.’ पिस्तुलाचे मालक, एक निवृत्त अधिकारी, वारले होते. त्यांच्या मुलानं ते दुकानात ठेवायला आणून दिलं, तो सोमवार होता. सोमवारी मी नसतो.

“कुठं ठेवणार हे?” मी विचारलं. हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो.

“उशाखाली.”

“नातवंडं येतात ना?”

“मंग उशीच्या आत ठेवीन,” रामधनभाऊ म्हणाले. शेवंताबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मी पुढचा प्रश्न विचारलाच नाही.

आता तपासणी. याचा क्रम आम्हाला पाढ्यांसारखा पाठ असतो. आधी मॅगझिन काढायचं. मॅगझिन म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची डबी. मग स्लाइड मागं ओढायची. स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग. ती मागं ओढून सोडली की डबीतली एक गोळी नळीच्या मागच्या खोलीत, चेंबरमध्ये, चढते. आणि आधीच एखादी चढलेली असेल तर ओढताना बाहेर उडते. मग चेंबरमध्ये डोळ्यानं पाहायचं आणि वर करंगळी घालून पाहायचं. डोळा फसतो, करंगळी फसत नाही.

यातली मेख अशी की मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नाही. चेंबरमधली गोळी तिथंच राहते. काही पिस्तुलं मॅगझिन नसताना उडत नाहीत. ही जुनी छोटी पिस्तुलं बिनधास्त उडतात.

मी मॅगझिन काढलं. रिकामं होतं. स्लाइड ओढायला गेलो तर हलेना. आतलं तेल वर्षानुवर्षं वाळून त्याचा डिंक झाला होता. त्यात माझा उजवा अंगठा सांधेदुखीनं धरलेला. म्हटलं, उगाच जोर कशाला, दोन थेंब तेल सोडू, पाच मिनिटं थांबू, मग ओढू. तोवर सेफ्टी पाहिली. सेफ्टी म्हणजे चुकून घोडा दाबला तरी गोळी सुटू नये म्हणून असलेली कळ. ती इतकी सैल होती की नखानंच सरकली आणि सरकली ती उघडीच राहिली. ‘सेफ्टी नापास,’ मी मनात नोंदवलं. पिस्तूल भिंतीकडे तोंड करून टेबलावरच्या हिरव्या कापडावर ठेवलं आणि मागच्या फळीवरची तेलाची बाटली घ्यायला वळलो.

ही माझी चूक. दुसऱ्या कुणाची नाही. एकतीस वर्षं पोरांना घसा खरवडून सांगितलं की चेंबर पाहिल्याशिवाय हत्यार हातावेगळं करायचं नाही, आणि त्या दिवशी मीच ते गिऱ्हाइकाच्या हाताच्या अंतरावर ठेवून पाठ फिरवली. का? तर चिठ्ठीवर ‘खाली आहे’ लिहिलं होतं. मॅगझिन रिकामं निघालं होतं. आणि अंगठा दुखत होता.

“लय हलकं हाय वो,” मागून आवाज आला.

वळलो. रामधनभाऊ उभे होते. पिस्तूल त्यांच्या डाव्या, धडक्या हातात. ते बायकोला दाखवत होते, आणि नळीचं तोंड सरळ शेवंताबाईंच्या पोटाकडे होतं. बोट घोड्यावर.

अशा वेळी माणसाच्या तोंडून त्याच्या आईचीच बोली निघते. मी ओरडलो, “खाली! खाली!”

मला म्हणायचं होतं, नळी खाली करा. जमिनीकडे. सातारचं पोर याचा दुसरा अर्थ काढणार नाही. पण मी उभा होतो यवतमाळात. इथं पोतं खाली असतं, बस खाली येते, आणि माणसाचं डोकंही खाली असतं. खाली म्हणजे रिकामं. जमिनीच्या दिशेला इथली माणसं ‘खालतं’ म्हणतात. हे मला तीस वर्षांपासून माहीत आहे. माझ्या बायकोनं लग्नाच्या पहिल्या आठवड्यात “हंडा खाली आहे” म्हटलं तेव्हा मी ओट्याखाली शोधत बसलो होतो.

रामधनभाऊंना साक्षात आर्मोररसाहेबांनी दोनदा ग्वाही दिली होती. त्यांचा चेहरा खुलला.

“आयकलं? खाली हाय म्हंते सायेब,” ते बायकोला म्हणाले. “भेऊ नको. कांयी छेनी.” हे शेवटचं त्यांच्या बंजारा गोरबोलीतलं, म्हणजे ‘काही नाही’. आणि त्यांनी घोडा दाबला.

टक्.

शेवंताबाई दचकल्या आणि मग त्यांनी पदरानं नवऱ्याला फटका मारला. शेठ पोट धरून हसले. आता सांगायला लाज वाटते, पण मीही हसलो. टक् वाजलं म्हणजे रिकामंच, असं माझ्या डोक्यानं एका क्षणात मान्य करून टाकलं. मी पिस्तूल त्यांच्या हातून काढून घेतलं आणि दोन शब्द सुनावले.

“रिकामं असलं तरी माणसाकडे तोंड करायचं नाही. कधीच नाही.”

“खाली हाय म्हनले ना तुमी?”

“मी नळी खाली करा म्हणालो.”

“मंग खालतं म्हना ना जी!”

बरोबर होतं त्यांचं. स्लाइडच्या खाचेत तेल सोडलं, थोडा वेळ जाऊ दिला. दुकानाच्या कोपऱ्यात वाळू भरलेलं पोतं असतं. हत्यार खोलताना तोंड त्या पोत्याकडे ठेवायचं असा नियम आहे. रामधनभाऊंना पोत्यासमोर उभं केलं.

“आता ही स्लाइड मागं ओढा. पिस्तूल घ्यायचं तर हे जमलं पाहिजे. प्रसंग आला तर आधी हेच करावं लागतं.”

त्यांनी डाव्या हातात मूठ धरली आणि उजव्या हाताच्या चिमटीत स्लाइड. ओढलं. खांद्यातून कळ गेली ती मला त्यांच्या जबड्यावर दिसली. पुन्हा ओढलं. हात बदलून पाहिला. तिसऱ्यांदा कपाळावर घाम आला. स्लाइड गव्हाच्या दाण्याएवढी सरकली आणि परत जागेवर गेली.

“तेल मुरू द्या अजून,” शेठ म्हणाले.

“तेलाचा दोष नाही शेठजी,” रामधनभाऊ हळू म्हणाले. मला फार वाईट वाटलं. सहा महिने ज्याच्यासाठी कागद गोळा केले, ते हातात आलं तर हातच चालत नाही.

“आना इकडं,” शेवंताबाई उठल्या. डबा बाकावर ठेवला, पदर खोचला. मी त्यांचे हात पोत्याच्या दिशेला धरून उभा राहिलो आणि काय करायचं ते सांगितलं. या बाईंनी चाळीस वर्षं हंगाम सरला की वावरातली पऱ्हाटी उपटली होती. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं वाळलेलं झाड. ज्यानं ते मुळासकट उपटलंय त्याला पिस्तुलाच्या स्प्रिंगचं कौतुक सांगू नये. त्यांनी एकदाच झटका दिला. स्लाइड खटकन मागं गेली.

आणि आतून काहीतरी पिवळं उडालं. काउंटरच्या काचेवर टण् वाजलं, खाली पडलं, घरंगळत बाकाखाली गेलं आणि तिथं थांबलं.

शेठनी वाकून उचललं. “हे काय?”

मी त्यांच्या हातून घेतलं. गोळी होती. अख्खी, जिवंत. चष्मा वर करून तिचं बूड पाहिलं. मधोमध, जिथं घोडा दाबल्यावर पिस्तुलातली पिन आदळते तिथं, एक बारीक खळगा पडला होता. बोटाच्या नखानं सहज लागत होता.

पिस्तूल शेवंताबाईंच्या हातून घेतलं, चेंबरमध्ये पाहिलं, करंगळी घातली, परत पाहिलं, परत घातली. मग टेबलाला टेकून उभा राहिलो.

“काय झालं?” रामधनभाऊंनी विचारलं.

मी सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. गोळी चढलेलीच होती. मघाशी तुम्ही घोडा दाबला तेव्हा पिन हिच्यावर आदळली. हा बघा खळगा. जोर कमी पडला म्हणून उडाली नाही.

“मंघाशी म्हनजे…” शेवंताबाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला. “इथं?”

“हो,” मी म्हणालो.

रामधनभाऊ बाकावर बसले नाहीत, सरळ फरशीवर बसले. फाईल हातातून पडली. “मी तुले…” एवढंच म्हणाले आणि रडायला लागले. साठीच्या पुढचा, चोरांना आडवा जाणारा गडी, लहान मुलासारखा रडत होता. शेवंताबाई त्यांच्या शेजारी बसल्या. त्यांनी रडण्याबिडण्याचं काही केलं नाही. नवऱ्याच्या टोपीवरची धूळ झटकली आणि म्हणाल्या, “उठा. लोकं पाह्यते.” दुकानात आम्ही चौघंच होतो.

शेठ पंख्याखाली उभे होते. “मुलगा म्हणाला होता, खाली आहे,” ते तिसऱ्यांदा म्हणाले.

मी दुकानातून त्या अधिकाऱ्यांच्या मुलाला फोन लावला. हा माणूस सज्जन, आवाजावरून कळत होतं. त्याला म्हटलं, पिस्तुलात गोळी निघाली. तो हबकला.

“अहो, मी स्वतः मॅगझिन काढून सगळ्या गोळ्या खाली केल्या. त्या पोलीस स्टेशनला जमा केल्याची पावती आहे माझ्याकडे.”

“चेंबरमध्ये होती.”

तो म्हणाला, “बाबांचे हात थरथरायचे. शेवटी शेवटी त्यांना ते ओढता येत नव्हतं. एकदा मीच ओढून दिलं होतं. मग तसंच उशाखाली ठेवायचे. मला वाटलं, त्यांनी नंतर काढली असेल.”

फोन ठेवला आणि मला सगळा उलगडा झाला. म्हाताऱ्या माणसाला स्लाइड ओढवत नाही, म्हणून तो गोळी चढवूनच ठेवतो. म्हणजे पिनेला ढकलणारी स्प्रिंग कायम ताणलेली राहते. वर्षानुवर्षं ताणलेली स्प्रिंग मऊ पडते. वर तेलाचा डिंक झालेला, पिन त्यातून रखडत पुढं जाते. म्हणून ती नुसती टेकल्यासारखी आदळली. जी खोट सापडताच मी हे पिस्तूल नापास केलं असतं, तिच्याच कृपेनं शेवंताबाई समोर बसल्या होत्या. माझ्या एकतीस वर्षांच्या अनुभवाचा त्यात काडीचा वाटा नव्हता.

शेठ व्यापारी माणूस. पाणी प्यायल्यावर त्यांचा रंग परत आला. बाजूला घेऊन म्हणाले, “कदमसाहेब, स्प्रिंग बदलून, साफसूफ करून, सेफ्टी नीट करून देता येईल ना? बिचाऱ्यांची मुदत संपून राह्यली.”

प्रश्न वाईट नव्हता. दुरुस्ती दोन-तीन तासांची होती. पिस्तूल मी चोख करून दिलं असतं.

“पिस्तूल दुरुस्त होईल शेठ,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. “पण नव्या स्प्रिंगनं ते आणखी कडक होईल. भाऊंना ओढवणार नाही. मग तेही गोळी चढवून उशाखाली ठेवतील. हे पिस्तूल ज्या घरातून आलं, तसंच दुसरं घर त्याला मिळेल.”

“हो जी,” रामधनभाऊ म्हणाले. “तसंच ठेवलं असतं मी.” मग त्यांनी डोळे पुसले आणि जे बोलले ते मी विसरणार नाही. “सायेब, मले चोराचं भेव नाही. केबल नेला तं नेला. पन त्या दिवशी मी दगडावर पडलो होतो अन् ही एकटी खुरपं घेऊन तिघाच्या अंगावर गेली. मी पडल्या पडल्या पाहून राह्यलो होतो. उठनं होत नव्हतं. तवापासून झोप नाही मले. पुढच्या बारीले हिले कोन वाचवन?”

“कायले वाचवता?” शेवंताबाई फाडकन म्हणाल्या. “त्या दिवशी पळवले कोनं? आज पिस्तूल ओढलं कोनं? अन् नळी माह्याकडं फिरवली कोनं?”

शेठना हसू आवरेना. मलाही. रामधनभाऊ आधी ओशाळले, मग त्यांनाही हसू फुटलं, रडता रडताच.

“मंग लायसन इच्याच नावानं करा,” ते म्हणाले.

“मले नको ते,” शेवंताबाईंनी हात झटकला. “त्यापेक्षा मोठ्ठा आवाज करनारं काही असन तं द्या. मी आराडली तं तांड्यापर्यंत जात नाही.”

हे ऐकून मला माझा मूर्खपणा कळला. सकाळपासून आम्ही तिघं पुरुष कुठलं पिस्तूल, किती बोअर यावर डोकं चालवत होतो. यांना हवं होतं ते दीड किलोमीटर ऐकू जाणारं काहीतरी. ते बाजारात मिळतं. रानडुकरांसाठी कुंपणाला झटका मशीन लावतात ना, त्याच्याबरोबरचा भोंगा. बॅटरीवर चालतो, लाईन असो-नसो. लायसन लागत नाही, मुदत संपत नाही.

त्या दिवशी बाकीचं काम नीरस होतं आणि ते आम्ही नीरसपणे केलं. गोळी आणि पिस्तूल घेऊन शेठ आणि मी पोलीस स्टेशनला गेलो. काय घडलं ते मी माझ्या सहीनं लिहून दिलं. ‘चेंबर न तपासता हत्यार टेबलावर ठेवले, ही माझी चूक’ हे वाक्यही लिहिलं. ड्यूटीवरचा जमादार माझ्या हाताखाली शिकलेला. त्यानं वाचलं, त्या वाक्यावर बोट ठेवून पुन्हा वाचलं आणि शिक्का मारला. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

परत आलो तर आडे नवरा-बायको दुकानात वाट पाहत थांबले होते. बाकावर डबा उघडला होता. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, मिरचीचा ठेचा.

“बसा भाऊ,” शेवंताबाई म्हणाल्या. “डबा खाली करा.”

आम्ही चौघंही एकदम थबकलो. मग इतके हसलो की शेजारचा सायकलवाला डोकावून गेला.

पुढं संक्रांतीच्या सुमारास मी त्यांच्या शेतात गेलो. विहिरीजवळच्या खांबावर भोंगा होता. त्याचं बिनतारी बटण दोऱ्यात ओवून शेवंताबाईंच्या गळ्यात, काळ्या मण्यांच्या पोतीच्या शेजारी. बारा बोअर त्यांनी रीतसर शेठच्या दुकानात जमा केली होती आणि ती मीच तपासून घेतली होती. भोंगा तोवर एकदा वाजला होता. तांड्यावरून तीसेक माणसं काठ्या घेऊन धावत आली. चोर नव्हता, वैरण टाकताना म्हशीनं बटणावर मान घासली होती. आलेल्या सगळ्यांना चहा द्यावा लागला.

“पन आले ना सारे,” रामधनभाऊ म्हणाले. “मी मोजले. आता झोप लागते जी.”

दुकानात आता चिठ्ठीवर ‘खाली’ लिहायचं नाही असा नियम आहे. ‘रिकामे. चेंबर बोट घालून पाहिले. कदम.’ एवढं लिहायचं, आणि ज्याच्या हातात ते येईल त्यानं कदमवर विश्वास न ठेवता पुन्हा पाहायचं. या धंद्यातून मी एकच शहाणपण शिकलो. हत्यार रिकामं आहे असं सांगणाऱ्याला नमस्कार करावा आणि हत्यार उघडून बघावं.

शेतातून निघताना शेवंताबाईंनी डबाभर तिळाचे लाडू दिले होते. आठवड्यानं बायकोनं तो डबा घासायला घेताना स्वयंपाकघरातून विचारलं, “अहो, हा खाली आहे का?”

मी उठलो, झाकण काढलं, आत बोट फिरवलं आणि मगच ‘हो’ म्हणालो.